आयमेसेज अँड्रॉइडवर यायला हवं की नको? बीपर मिनी, आरसीएस आणि आपण

जर्सीकर:
नमस्कार मंडळी. भारतात राहणाऱ्यांना हा वाद कदाचित परका वाटेल, पण इथे अमेरिकेत मुलं वाढवताना तो घरात येतोच, म्हणून मुद्दाम धागा काढतोय. शाळेतल्या, सॉकर टीमच्या, कॉलेजच्या हॉस्टेलवरच्या पोरांचे ग्रुप बहुतेक सगळे आयमेसेजवर, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेवर, जी फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालते आणि जिचे मेसेज निळ्या बबलमध्ये दिसतात. व्हॉट्सॲप म्हणजे आईबाबांचं ॲप, देशातल्या नातेवाइकांसाठी. आता अशा ग्रुपमध्ये एक अँड्रॉइडवाला आला की इतकी वर्षं काय व्हायचं, तर अख्खा ग्रुप मोबाईल कंपनीच्या जुन्या एमएमएसवर घसरायचा, व्हिडिओ ओळखू येणार नाहीत इतके खराब व्हायचे, कोण टाईप करतंय, कोणी वाचलं काही कळायचं नाही, ग्रुप सोडताही यायचा नाही आणि बबल सगळे हिरवे. मग पोरं त्या एकाला वगळून दुसरा ग्रुप काढतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला 'तुझ्या फोनमुळे ग्रुप बिघडतो' हे ऐकावं लागणं मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये बीपर मिनी आलं होतं ते आठवत असेल. पेबल घड्याळ काढणारा एरिक मिगिकोव्स्की, त्याची ही कंपनी. अँड्रॉइडवर आपल्याच नंबरवरून थेट निळा मेसेज, ॲपल आयडीसुद्धा नको, महिन्याला १.९९ डॉलर. त्यामागचं मूळ काम एका १६ वर्षांच्या शाळकरी मुलाचं होतं, आयमेसेजमध्ये नोंदणी कशी होते ते त्याने उलगडून काढलं होतं. ५ डिसेंबरला ॲप आलं, ८ तारखेला ॲपलने बंद पाडलं, मग ते परत आलं, परत अडलं, आणि नाताळच्या आधी बीपरने हात टेकले. ॲपलचं म्हणणं असं की खोटी ओळख दाखवून आत शिरायचे मार्ग आम्ही ग्राहकांच्या सुरक्षेसाठी बंद केले.

सुरक्षेचं कारण मी मानलंही असतं, पण एपिक गेम्स कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात २०२१ साली ॲपलचे आतले मेल बाहेर आले त्यात वेगळंच आहे. २०१३ मध्ये ॲपलचाच एक बडा अधिकारी एडी क्यू अँड्रॉइडसाठी आयमेसेज काढायच्या बाजूने होता. दुसरा अधिकारी क्रेग फेडरिगी, त्याचं उत्तर असं की त्याने आयफोनवाल्या घरांमध्ये पोरांना अँड्रॉइड घेऊन देण्यातला अडसर तेवढा निघून जाईल. २०१६ मध्ये तिसरा अधिकारी फिल शिलर म्हणतो की त्यात आपला फायद्यापेक्षा तोटाच जास्त. म्हणजे पोरं धरूनच हिशोब चाललेला होता. माझं मत स्पष्ट आहे, ॲपलने स्वतःहून अँड्रॉइडसाठी ॲप आणावं, नाहीतर कायद्याने त्यांना बाकीच्यांशी बोलायला लावावं. तुम्हाला काय वाटतं?

ओसरी:
प्रश्न प्रामाणिकपणे विचारतेय. आमच्या सांगलीत आयफोनवाला आणि साध्या फोनवाला दोघंही व्हॉट्सॲपवरच असतात, दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे, बबलचा रंग कोणी बघतच नाही. मग तिकडची मुलं व्हॉट्सॲप का नाही टाकून घेत? ते फुकट आहे आणि दोन्हीकडे चालतं. नियम, कायदा, खटले एवढं सगळं कशाला?

जर्सीकर:
ओसरीताई, कारण इथे एसएमएस फार आधीच प्लॅनमध्ये अमर्याद झाले. त्यामुळे वेगळं ॲप घ्यायची गरजच कोणाला पडली नाही. आणि ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर आयमेसेज आलं ते एसएमएसच्याच ॲपमध्ये. लोकांनी ते निवडलं नाही, नेहमीसारखा मेसेज पाठवला आणि तो आपोआप निळा गेला. एकट्या मुलाने वर्गातल्या तीस जणांना 'माझ्यासाठी दुसरं ॲप घ्या' म्हणायचं, ते कोण ऐकणार?

तारायंत्री:
आपल्याकडचं कारण नेमकं उलटं, आणि आता लोक ते विसरले. एसएमएस पॅक घेतलेला असला तरी दिवाळी, नववर्ष, व्हॅलेंटाईन या दिवशी तो लागू नसायचा, ब्लॅकआउट डे म्हणायचे, प्रत्येक शुभेच्छेला पैसे कापले जायचे. त्यात सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने टेलिमार्केटिंगला आळा म्हणून एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नंतर ती २०० केली. त्याच सुमारास व्हॉट्सॲप साध्या नोकियांवरही चालायला लागलं, मग लोकांनी एसएमएस सोडला तो सोडलाच. तेव्हा आपण फार शहाणे म्हणून व्हॉट्सॲपवर गेलो असं नाही, एसएमएस महाग आणि अपुरा पडला म्हणून गेलो. भारतात एका कंपनीचं चालतं आणि अमेरिकेत दुसरीचं. इथल्या कंपनीचं ॲप सगळ्या फोनवर चालतं एवढाच फरक, आणि तो फरक मोठा आहे हे मला मान्य आहे.

बिटबाईट:
मी पेशाने बॅकएंडवाला आहे आणि धागाकर्त्यांशी अर्धाच सहमत. बीपर मिनीबद्दल लोक जे बोलतात त्यात आत काय चाललं होतं हे सुटून जातं, म्हणून जरा लांबण लावतो.

आयमेसेज चालतं ते ॲपलच्या पुश नोटिफिकेशनच्या जाळ्यावर. प्रत्येक उपकरण मेसेज कुलूपबंद करायच्या आणि उघडायच्या आपल्या किल्ल्या स्वतः तयार करतं, त्यातल्या जाहीर किल्ल्या ॲपलच्या डिरेक्टरीत जातात, पाठवणाऱ्याचा फोन तिथून समोरच्याच्या सगळ्या उपकरणांच्या किल्ल्या घेतो आणि प्रत्येकासाठी मेसेज वेगळा कुलूपबंद करतो. या डिरेक्टरीत नाव घालताना ॲपल विचारतं, की तू खरंच आमचं यंत्र आहेस का? त्यासाठी सिरियल नंबर वगैरे धरून बनवलेला एक पुरावा लागतो. बीपर मिनी तो पुरावा मॅकच्या सॉफ्टवेअरचा एक तुकडा दुसरीकडे चालवून बनवत होतं. म्हणून तर ॲपलने पुरावे तपासायला सुरुवात केल्याबरोबर सगळं कोसळलं, मग बीपरने लोकांना स्वतःच्या मॅकमधून पुरावा काढायला सांगितलं आणि शेवटी तर जेलब्रेक केलेला, म्हणजे ॲपलची बंधनं तोडलेला, जुना आयफोन लागेल इथवर आलं. ज्याला निळा मेसेज हवाय पण आयफोन नाही त्याला सांगायचं की आयफोन आण, हे काही चालणारं नव्हतं.

बीपर मिनीच्या बाजूची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्यांचं एनक्रिप्शन, म्हणजे मेसेज कुलूपबंद करणं, फोनवरच होत होतं, मेसेज त्यांच्या सर्व्हरवर उघडे पडत नव्हते. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी नथिंग या फोन कंपनीने सनबर्ड या दुसऱ्या कंपनीच्या मदतीने नथिंग चॅट्स काढलं होतं, तिथे तुमचा ॲपल आयडी दुसऱ्याच्या मॅकवर लॉगिन करायचा होता, आणि मेसेज पुरेसे एनक्रिप्टेड नाहीत हे लोकांनी लगेच दाखवून दिल्यावर ते प्ले स्टोअरवरून काढावं लागलं. दोन्ही प्रकरणं लोक एकाच पारड्यात टाकतात ते बरोबर नाही.

पण तरीही. सर्व्हर ॲपलचे, वीज ॲपलची, स्पॅम रोखायची जबाबदारी ॲपलची, आणि वर्गणी बीपरला. दुसऱ्याच्या विहिरीवर आपला रहाट बसवून पाणी विकण्यासारखं आहे हे. आणि यंत्राच्या ओळखीची अट हीच स्पॅमवाल्यांना महागात पाडणारी गोष्ट आहे, ती सैल केली तर बनावट खाती हजारोंनी निघतील. भारतात आरसीएसवर, म्हणजे एसएमएसच्या जागी आलेल्या नव्या मेसेज पद्धतीवर, कर्ज आणि पॉलिसीच्या जाहिरातींचा एवढा मारा झाला होता की २०२२ मध्ये गुगलला ते बिझनेस मेसेज इथे थांबवावे लागले. ते माझ्या आईच्या निळ्या मेसेजमध्ये यायला नकोय.

जर्सीकर:
बिटबाईट, माहितीबद्दल मनापासून आभार. पण विहिरीचं पाणी फक्त बीपरवाले पीत होते का? मेसेज दोन टोकांचा असतो हो. अँड्रॉइडवरून आलेला मेसेज वाचणारा आयफोनवालाच होता, त्याने हजार डॉलर मोजलेत, त्यालाही आपल्या मित्राशी सुरक्षित बोलायचंय. तुमचा आयफोन अँड्रॉइडला मेसेज पाठवायचा तेव्हा इतकी वर्षं तो एसएमएसने उघडा जायचा. डिसेंबर २०२४ मध्ये चिनी हॅकर अमेरिकन टेलिकॉम कंपन्यांत शिरल्याचं प्रकरण चाललं होतं, तेव्हा इथल्या सरकारी सायबर यंत्रणेनेच सांगितलं की एंड टू एंड एनक्रिप्शन असलेली, म्हणजे मधल्या कोणालाच मेसेज वाचता येणार नाही अशी ॲप्स वापरा. म्हणजे सुरक्षेसाठी दार बंद ठेवतो म्हणणारी कंपनी आपल्याच ग्राहकाचे निम्मे मेसेज उघड्यावर टाकत होती. माझ्या दृष्टीने अख्ख्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, रंग वगैरे नंतर.

तारायंत्री:
यावर +१. आणि बीपरचं जे झालं ते पहिल्यांदा झालेलं नाही. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर काढला, त्यातून थेट एओएल या इंटरनेट कंपनीच्या एआयएम मेसेंजरवाल्यांशी बोलता यायचं. एओएलने लगेच अडवलं, मायक्रोसॉफ्टने वाट काढली, परत अडवलं, परत वाट, असं बरेच आठवडे चाललं. शेवटी एओएलने काय करावं, स्वतःच्याच ॲपमध्ये बाहेरून कोड आत घुसवता येईल असा बफर ओव्हरफ्लोचा दोष होता, सर्व्हरवरून त्याच दोषात कोड पाठवून समोर खरं एआयएम आहे की नक्कल हे ओळखायला सुरुवात केली! म्हणजे नकली ॲप बाहेर ठेवण्यासाठी आपल्या ग्राहकांच्या कॉम्प्युटरवरचं भोक उघडं ठेवलं. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षअखेर नाद सोडला.

पण पुढे जे झालं ते जास्त कामाचं आहे. एओएल आणि टाइम वॉर्नर एकत्र यायला निघाले तेव्हा जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने अट घातली, की व्हिडिओसारख्या पुढच्या पिढीच्या मेसेजिंग सेवा आणायच्या असतील तर आधी इतरांशी जोडून घ्या. २००३ मध्ये अट काढूनही टाकली, बाजारात स्पर्धा आहे म्हणून. एमएसएन आणि याहू २००६ मध्ये आपसात जोडले गेले, आपल्यापैकी कित्येकांनी सायबर कॅफेत ते वापरलंय. तोवर एआयएमचा जोर ओसरत चालला होता. अट घालायची तर वेळेवर आणि नेमकी घालायला हवी, हे मी यातून घेतो.

मांडवीकाठ:
सगळे ॲपलबद्दल बोलताय, ब्लॅकबेरी कोणालाच आठवत नाही? पणजीत आमच्या ऑफिसात एकेकाळी ज्याच्याकडे बीबीएमचा, म्हणजे ब्लॅकबेरीच्या मेसेंजरचा, पिन नाही त्याला कुठल्या पार्टीचा पत्ताच लागायचा नाही. २००५ पासून बीबीएम होतं, मेसेज पोचला की डी, वाचला की आर, ग्रुप, सगळं. व्हॉट्सॲपचा जन्मच २००९ चा. आणि तरी हातचं घालवलं, कारण ते फक्त ब्लॅकबेरीवर ठेवलं.

कंपनीचा एक प्रमुख जिम बाल्सिली, त्याचं म्हणणं होतं की बीबीएम बाकीच्या फोनवर न्या, मोबाईल कंपन्यांना बरोबर घ्या, एसएमएसची जागा आपणच घेऊ. ते बारगळलं आणि तो २०१२ मध्ये संचालक मंडळातून बाहेर पडला. मग मे २०१३ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइड आणि आयफोनवर आणतोय, सप्टेंबरात आणता आणता थांबवावं लागलं, ऑक्टोबरमध्ये आलं आणि पहिल्या २४ तासांत १ कोटी डाउनलोड झाले. लोकांना हवं होतं हो! पण तोवर आपल्या सगळ्यांचे ग्रुप व्हॉट्सॲपवर बसले होते. ३१ मे २०१९ ला बीबीएमची लोकांसाठीची सेवा बंद झाली, तोवर ती चालवायला इंडोनेशियाच्या एमटेककडे गेली होती. मला अजून त्याची हळहळ वाटते, चांगलं होतं ते ॲप.

तेव्हा ॲपलला स्वतःच्या भल्यासाठीही कुलूप काढणं बरं, असं माझं मत.

बिटबाईट:
मांडवीकाठ, ब्लॅकबेरीचे फोन खपेनासे झाले म्हणून बीबीएम गेलं. आयफोनचं तसं काही दिसत नाही. ॲपलला स्वतःहून दार उघडायचं व्यावसायिक कारण काय? शिलर त्या मेलमध्ये बोलला ते त्यांच्या हिशोबाने खरंच होतं, म्हणून तर आजवर बदललं नाही. भल्यासाठी करा असं सांगून ते करणार नाहीत.

अवांतर, ब्लॅकबेरीचा विषय निघालाच आहे तर, भारत सरकारने २०१० मध्ये त्याच बीबीएमवरून ३१ ऑगस्टची मुदत देऊन सेवा बंद करायची तंबी दिली होती, आणि पुढे मेसेजवर कायदेशीर लक्ष ठेवायची सोय मुंबईत झाली. सगळ्यांना जोडणारं सरकारी नियमाचं मेसेजिंग म्हणताना ही बाजू विसरू नका. नियम करणाऱ्याला किल्लीसुद्धा हवी असते.

कोर्टाची_पायरी:
वकील आहे, अमेरिकेत प्रॅक्टिस करत नाही, पण हे प्रकरण वाचत आलेय.

दोन गोष्टी वेगळ्या करा. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर कसं चालतं हे आपलं सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळवण्यासाठी उलगडून बघणं, याला अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातच कलम १२०१ मध्ये सूट आहे. त्या मुलाने केलं त्यात गुन्हेगारी शोधणं मला पटत नाही. पण उलगडायची मुभा म्हणजे दुसऱ्याचे सर्व्हर वापरायचा हक्क नव्हे, तिथे बीपर कच्चं होतं. म्हणून त्यांनी लढाई कोर्टात न नेता लोकांपुढे आणि राजकारण्यांपुढे नेली, आणि ती चालली. सिनेटर एलिझाबेथ वॉरनने जाहीर पाठिंबा दिला, दोन्ही पक्षांच्या काही खासदारांनी न्याय खात्याला पत्र लिहिलं. २१ मार्च २०२४ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला, तो न्यू जर्सीतच, जर्सीकरांच्या अंगणात, आणि त्यात हिरव्या बबलचा मुद्दा नीट मांडलाय. टिम कुकला २०२२ मध्ये एकाने विचारलं होतं की आईला नीट व्हिडिओ पाठवता येत नाहीत, त्यावर तो म्हणाला आईला आयफोन घेऊन द्या, ते वाक्य आता त्या तक्रारीत आहे. जून २०२५ मध्ये खटला सुरुवातीलाच फेटाळावा ही ॲपलची मागणी कोर्टाने नाकारली. निकालाला वर्षं लागतील.

युरोपचं उलटं झालं. तिथे मोठ्या टेक कंपन्यांसाठीच्या डीएमए कायद्याच्या कलम ७ मध्ये मोठ्या मेसेजिंग सेवांनी मागणाऱ्याला जोडून घ्यावं असं आहे, आधी एकास एक मेसेज, मग ग्रुप, मग कॉल, अशा टप्प्यांनी, आणि एनक्रिप्शन तेवढंच राखून. व्हॉट्सॲप आणि मेसेंजर त्यात सापडले. आयमेसेजची चौकशी झाली पण फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने त्याला वगळलं, तिकडे व्यवसायांच्या दृष्टीने त्याचं तेवढं महत्त्व नाही असं ठरलं. त्यामुळे व्हॉट्सॲपला तिथे बर्डीचॅट आणि हायकेट अशा छोट्या ॲप्सना आत घ्यावं लागतंय आणि आयमेसेज मोकळं. कायद्याचा मसुदा मला यातला सगळ्यात चांगला वाटतो, लावला मात्र जिथे सोपं होतं तिथे.

ओसरी:
आता जरा कळायला लागलं. मग यूपीआयसारखं का नाही करता येत? मी फोनपेवर, भाजीवाली गुगल पेवर, बँका वेगळ्या, पैसे जातात की. २०१६ मध्ये आलं तेव्हा कोणाला वाटलं होतं गावच्या बाजारात चालेल म्हणून. आणि २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आली तेव्हाही मोबाईल कंपन्या कुरकुरल्याच होत्या. पैसे इकडून तिकडे जातात तर मेसेज का नाही जाणार?

कोर्टाची_पायरी:
ओसरीताई, एकदम नेमकं. फक्त यूपीआयमध्ये मधे ते चालवणारी एनपीसीआय ही संस्था आहे आणि मागे रिझर्व्ह बँक, तिचा शब्द बँकांना मोडता येत नाही. मेसेजिंगला असं कोणी नाही. आणि बघा, सगळं जोडलेलं असूनही फोनपे आणि गुगल पे मिळून बहुतेक व्यवहार नेतात, एका ॲपला ३० टक्क्यांची मर्यादा २०२० मध्ये जाहीर झाली ती अजून पुढे ढकलली जातेय. जोडून घेतलं की मोठा लहान होत नाही. लहानाला जगायला जागा मिळते, तेवढंही पुष्कळ आहे.

तारायंत्री:
गुगलचंही बोलून टाकू. २०२२ मध्ये त्यांनी गेट द मेसेज म्हणून ॲपलविरुद्ध मोठी मोहीम काढली, आरसीएस घ्या आरसीएस घ्या. याच गुगलचं जीटॉक एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर होतं, कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता यायचं, २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना ते जोडणं काढून टाकलं. मग ॲलो नावाचं मेसेजिंग ॲप आलं, गेलं. आजही अँड्रॉइडवर दुसऱ्या कोणाला स्वतःचं आरसीएस ॲप काढायची खुली वाट गुगलने दिलेली नाही. ॲपलला शहाणपण शिकवायचा हक्क त्यांना नाही. पण म्हणून आरसीएस वाईट ठरत नाही.

जर्सीकर:
बरोबर, आणि आरसीएस ॲपलने घेतलं तेही दबावामुळेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, बीपर मिनीच्या आधी काही आठवडे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ मधून आलं. त्यानंतर इथे फरक पडलाय, फोटो व्हिडिओ नीट जातात, टाईप करताना दिसतं, वाचल्याचं कळतं. बबल हिरवाच ठेवलाय. रंगाचं मला आता काही वाटत नाही, ॲपलचा मेसेज आणि मोबाईल कंपनीचा मेसेज वेगळा दिसावा इतपत ठीक.

पण आयओएस १८ मध्ये जे आरसीएस आलं त्यात आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यामध्ये एंड टू एंड एनक्रिप्शन नव्हतं. अँड्रॉइड-अँड्रॉइडमध्ये गुगलने स्वतःचं घातलेलं, ते पलीकडे चालत नाही. मार्च २०२५ मध्ये जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने एमएलएस या खुल्या पद्धतीवरचं एनक्रिप्शन आरसीएसच्या नियमावलीत घातलं आणि ॲपलने पुढच्या अपडेटमध्ये आणू म्हटलं. बिटबाईट, तुमची विहीर इथे आडवी येत नाही बघा. ॲपलचे सर्व्हर कोणी वापरत नाही, स्पॅमची अट कोणी सैल करत नाही, मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यावर दोन टोकं कुलूपबंद.

बिटबाईट:
याला माझी हरकत नाही, उलट मला हेच हवंय. ॲपलचं ॲप अँड्रॉइडवर आणा ही मागणी सोडा, ती त्यांची सेवा आहे. फोनमध्ये आधीपासून असलेलं जे मेसेजचं ॲप आहे त्याने बाकीच्या फोनशी बोलताना एनक्रिप्शन वापरलंच पाहिजे, आणि त्यासाठी एका कंपनीच्या मर्जीवर थांबायला लागू नये, एवढा नियम कोणी केला तर मी सही करायला तयार आहे. आणि त्या नियमात सरकारला वेगळी किल्ली नाही हेही लिहिलेलं पाहिजे. नाहीतर मी विरोधात.

जर्सीकर:
मान्य. मी सुरुवातीला म्हटलं अँड्रॉइडसाठी ॲप आणा किंवा कायदा करा, त्यातलं दुसरंच धरून ठेवतो, किल्लीची अट धरून.

मांडवीकाठ:
मला अजून वाटतं ॲपलने अँड्रॉइडसाठी ॲप आणलं तर बिघडत नाही. असो.

ओसरी:
एक साधा प्रश्न राहिला. भाची तिकडे न्यू जर्सीत एडिसनला असते, तिचा आयफोन, माझा अँड्रॉइड. तिने मेसेजमधून बाळाचे व्हिडिओ पाठवले तर ते मला नीट दिसतील का आता?

जर्सीकर:
ताई, भाचीला सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात मेसेजेस, तिथे आरसीएस मेसेजिंग चालू आहे का बघायला सांगा, तुमच्या फोनवर गुगल मेसेजेसमध्ये आरसीएस चॅट्स चालू लागेल. पण दोन्हीकडच्या मोबाईल कंपन्यांचा सपोर्ट असला तरच ते जमतं, आणि एनक्रिप्शन दोन्ही फोनवर येईपर्यंत बाळाचे व्हिडिओ तिकडून पाठवू नका असंच मी सांगेन. तोवर व्हॉट्सॲप किंवा सिग्नल.